केमिकलसाठी होज कसा निवडायचा? सातपूर, अंबड, सिन्नरहून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही नाशिक परिसरातल्या कारखान्यांना होज, म्हणजे रसायन नेणारे लवचिक पाइप, पुरवतो. हे प्रश्न बहुतेक वेळा फोनवर येतात, आणि टँकर गेटवर उभा असतानाच येतात. घाईत दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवलं आहे. प्लेटिंगवाले, फार्मावाले, पेंट शॉप, ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया केंद्र), वायनरी असे सगळ्यांचे प्रश्न इथे एकत्र आहेत. तुम्हाला हवा तोच प्रश्न वाचलात तरी चालेल. फक्त होजच्या टोकांबद्दलचा आणि टँकरवाल्याच्या पाइपबद्दलचा, हे दोन वगळू नका.

दोन इंची केमिकल होज हवाय, वीस मीटर. रेट काय?

एवढ्यावर रेट सांगता येत नाही. दोन इंचातच पीव्हीसीचा, ईपीडीएम रबराचा, यूएचएमडब्ल्यूपीईचा (एक चिवट पॉलिथिलीन प्लास्टिक), टेफ्लॉनचा, कॉम्पोझिट (प्लास्टिकचे थर, आत-बाहेर तारेची वेटोळी) आणि स्टेनलेस स्टीलचा होज मिळतो. त्यांच्या किमतींत कित्येक पटींचा फरक आहे, आणि महागातला प्रत्येक कामाला चालतोच असंही नाही.

आधी हे सांगा: रसायन कोणतं, किती टक्के, किती गरम. दाब पंपाचा आहे की माल नुसता उतारावरून येतो. होजमधून ढकलायचं आहे की ओढायचं आहे. दोन्ही टोकांना समोर काय आहे. होज एका जागी पडून राहणार की हेल्पर रोज तो काँक्रीटवरून फरफटत नेणार. रसायनाला 'क्लीनर', 'डीग्रीझर', 'रस्ट रिमूव्हर' असं बाजारी नाव असेल तर पुरवठादाराकडून एसडीएस, म्हणजे रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक, मागवा. त्याच्या तिसऱ्या विभागात घटक आणि त्यांची टक्केवारी असते, नवव्यात घनता आणि फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ पेटू शकते), दहाव्यात ते कशाशी जमत नाही याची यादी. पुरवठादार एसडीएस देत नसेल तर होजच्या आधी पुरवठादार बदला.

सल्फ्युरिक ॲसिड आहे एवढं सांगितलं ना. टक्केवारी कशाला हवी?

कारण ९८ टक्के सल्फ्युरिक आणि बॅटरीतलं ३५ टक्क्यांच्या आसपासचं सल्फ्युरिक ही होजच्या दृष्टीने दोन वेगळी रसायनं आहेत. तीव्र ॲसिडला पाण्याची हाव असते. साधं रबर त्यात काळं पडतं, कडक होतं, भेगाळतं. ईपीडीएमचा होज पातळ सल्फ्युरिकला वर्षानुवर्षं साथ देतो, ९८ टक्क्यांना देत नाही. तिथे टेफ्लॉनचं अस्तर लागतं.

लोखंडाचं नेमकं उलटं आहे. तीव्र सल्फ्युरिकच्या टाक्या आणि टँकर साध्या माइल्ड स्टीलचे असतात, कारण पत्र्यावर आयर्न सल्फेटचा थर बसतो आणि पुढची झीज मंदावते. त्याच पत्र्यावर पातळ ॲसिड आलं की लोखंड विरघळायला लागतं आणि हायड्रोजन सुटतो. म्हणून ९८ टक्क्यांचा होज रिकामा करून तोंड उघडं टाकणं, तेही जुलैच्या दमट हवेत, सगळ्यात वाईट. आत राहिलेलं ॲसिड हवेतला ओलावा ओढून पातळ होतं आणि टोकाची स्टील फिटिंग आतून खातं. बाहेरून काही दिसत नाही. रिकाम्या होजच्या दोन्ही तोंडांना टोपण लावायचं, पावसाळ्यात तर नक्कीच.

धुण्याचीही गोष्ट सांगून टाकतो. तीव्र ॲसिडमध्ये थोडं पाणी गेलं की ते उकळून उडतं. त्यामुळे होज आधी पूर्ण निथळून घ्या, कोरड्या हवेने हलकेच मोकळा करा, मगच भरपूर पाणी एकदम सोडा. बारीक धार लावून 'धुऊन काढणं' म्हणजे भाजून घेण्याची तयारी. होज फक्त त्याच ॲसिडला राखून ठेवलेला असेल तर दर वेळी धुण्याची गरजही नाही; टोपणं लावून ठेवला की झालं.

मग कुठल्या केमिकलला कुठलं मटेरियल?

कोणत्या रसायनाला कोणतं मटेरियल टिकतं याचा उत्पादकाचा चार्ट असतो; अंतिम निर्णय त्यावरूनच घ्यायचा, पण या भागात रोज लागणाऱ्या मालाचं गणित साधारण असं आहे.

हायड्रोक्लोरिक ३० ते ३३ टक्के: ईपीडीएम, यूएचएमडब्ल्यूपीई किंवा टेफ्लॉन. स्टेनलेस स्टीलचा होज इथे अजिबात नको, ३१६ ग्रेडचा असला तरी नको. 'एसएस आहे म्हणजे चांगलाच' हा समज प्लेटिंगवाल्यांत फार पक्का आहे, आणि क्लोराइडसमोर तो दर वेळी खोटा ठरतो. हायपोलाही हाच नियम: सोडियम हायपोक्लोराइट स्टेनलेसला खड्डे पाडतं, आणि तांबं, निकेल असे धातू त्याच्या संपर्कात आले की ते स्वतःच भराभर विघटित होतं. त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो. म्हणून हायपो भरलेला होज दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून उन्हात कधीही ठेवू नये. आत दाब चढत जातो.

नायट्रिक हे ऑक्सिडायझर आहे. ६० टक्क्यांच्या पुढे रबराचा विचारच सोडा आणि टेफ्लॉन घ्या. प्लेटिंगच्या क्रोमिक ॲसिडचा स्वभावही तोच.

कॉस्टिक लाय (सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण) ४८ टक्के: ईपीडीएम उत्तम, यूएचएमडब्ल्यूपीई उत्तम. इथे व्हिटॉन, म्हणजे फ्लोरिनयुक्त रबर, चुकतो. व्हिटॉन महाग आहे, टोल्युईनला आणि बऱ्याच ॲसिडांना चांगला आहे, म्हणून लोकांना तो सगळ्याला चालतो असं वाटतं. पण गरम तीव्र अल्कली, अमाइन आणि ॲसिटोनसारखे कीटोन त्याला मानवत नाहीत.

डिझेल, फर्नेस ऑइल, कटिंग ऑइल यांना नायट्रिल रबर. ईपीडीएम तेलात फुगतो, अगदी भिजवलेल्या साबुदाण्यासारखा, आणि फुगलेला होज पुन्हा मूळ मापावर येत नाही.

आमच्याकडे थिनर आहे. त्यात काय काय असतं तेच नक्की नसतं.

हा प्रश्न अंबडच्या पेंट शॉपमधून हमखास येतो, आणि तो खरंच अवघड आहे. थिनर हे मिश्रण. त्यात टोल्युईन किंवा झायलीन असतं, ब्युटिल ॲसिटेट असतं, बऱ्याचदा ॲसिटोन किंवा एमईके (ॲसिटोनसारखाच कीटोन) हेही असतं. चार्ट मात्र एकेका शुद्ध रसायनाचा असतो. टोल्युईन बघून व्हिटॉन घेतला तर ॲसिटोन त्याला फुगवतो. ॲसिटोन बघून ईपीडीएम घेतला तर टोल्युईन त्याची वाट लावतं. मिश्रणातला सर्वांत त्रासदायक घटक धरून निवड करायची असते. इथे एकाच वेळी दोघांना पुरून उरेल असा यूएचएमडब्ल्यूपीई, टेफ्लॉन किंवा सॉल्व्हंटसाठी बनवलेला कॉम्पोझिट होजच घ्यावा लागतो. शिवाय थिनर म्हटलं की स्टॅटिकचा, म्हणजे साठणाऱ्या विजेच्या भाराचा, प्रश्न आलाच, तो पुढे आहे.

चार्टमध्ये आमच्या केमिकलसमोर 'बी' लिहिलंय. चालेल का?

'ए' म्हणजे उत्तम, 'बी' म्हणजे थोडाफार परिणाम होतो. त्यामुळे कशासाठी, त्यावर आहे. टाकीच्या झाकणाच्या गॅस्केटला चालू शकेल. रोज वाकणाऱ्या, दाबाखाली असलेल्या आणि माणसाच्या हातात असणाऱ्या होजला आम्ही 'ए'च्या खाली सुचवत नाही. चार्टवरचं तापमानही बघा. बहुतेक आकडे २० ते २५ अंशांचे असतात. तुमची निकेलची टाकी ५५ अंशांवर चालत असेल तर तो आकडा तुमचा नाही.

पांढरा जाळीचा पीव्हीसी पाइप सगळेच वापरतात. स्वस्त आहे, आतलं दिसतंही.

पाण्याला वापरा. सौम्य द्रावणाला, कमी दाबावर, छोट्या डोसिंगला, उत्पादक लिहून देत असेल तर वापरा. सॉल्व्हंट त्यातलं प्लास्टिसायझर ओढून काढतं आणि पाइप काडीसारखा कडक होतो. उष्णतेने तो मऊ पडतो आणि क्लॅम्पमधून सटकतो. टँकर उतरवायला नाही म्हणजे नाही.

कटकटच नको, सगळीकडे टेफ्लॉन घेऊन टाकला तर?

रसायनाच्या बाबतीत टेफ्लॉनला तोड नाही. वितळलेले अल्कली धातू आणि फ्लोरीन वायू सोडले तर फार थोड्या गोष्टी त्याला शिवतात. पण तो वाकण्याच्या बाबतीत हट्टी आहे. ठरलेल्या त्रिज्येपेक्षा कमी वाकवला की आतल्या नळीला घडी पडते, आणि एकदा पडलेली घडी जात नाही. पुढे तिथूनच फुटतो. काही वायू आणि बाष्पं टेफ्लॉनमधून अगदी हळूहळू झिरपतात आणि बाहेरच्या स्टीलच्या जाळीला गंज चढवतात, हायड्रोक्लोरिकमध्ये हे दिसतं. दिवसातून चार वेळा ओढला जाणारा, ट्रकखाली येण्याची शक्यता असलेला होज असेल तर रबरी कव्हरचा यूएचएमडब्ल्यूपीई जास्त दिवस जगतो. तीन-चार वेगवेगळ्या रसायनांच्या यार्डात आमची पहिली शिफारस बहुतेक वेळा तोच असतो.

पंप ३ किलोचा आहे, म्हणजे ५ किलोचा होज पुरेल ना?

'३ किलोचा' म्हणजे चौरस सेंटीमीटरला ३ किलो, जवळपास ३ बार दाब. तो पाण्यावर मोजलेला आहे का ते आधी बघा. सेंट्रिफ्युगल पंप मीटरमध्ये हेड, म्हणजे द्रव किती उंच चढवेल ते, देतो. ३० मीटर हेडचा पंप पाण्यावर जवळपास २.९ बार दाखवतो. तोच पंप १.८४ घनतेच्या सल्फ्युरिकवर ५.४ बारच्या आसपास दाखवेल. पंप तोच, आरपीएम तेच, दाब जवळपास दुप्पट. आणि हेही पंपाच्या नेहमीच्या चालण्याच्या बिंदूवर नव्हे, तर पुढचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना जो सर्वाधिक दाब चढतो तो धरून मोजायचं.

हवेवर चालणाऱ्या डायफ्राम पंपाला जेवढी हवा द्याल तेवढा दाब तो पुढे देऊ शकतो. लाइनमध्ये ७ बार हवा असेल तर होज निदान तेवढ्याचा हवा, वर त्या पंपाचे ठोके असतात. शिवाय कोणी बॉल व्हॉल्व्ह फाटकन बंद केला की क्षणभर दाबाचा झटका बसतो. हे सगळं मिळून कामाचा दाब ठरतो.

आणि हो, रसायनांच्या होजची फुटण्याची मर्यादा कामाच्या दाबाच्या चौपट ठेवलेली असते. म्हणजे १० बारचा होज नवा असताना ४० बारपर्यंत तग धरायला हवा. 'चौपट आहे ना, मग १५ वर चालवू' असं म्हणणारे भेटतात. ती चौपट झीज, तापमान, वाकणं आणि माणसाच्या चुका यांच्यासाठी आधीच खर्च झालेली आहे.

होज मधेच चपटा होतो. डिफेक्टिव्ह आहे का?

बहुधा नाही. तुम्ही डिलिव्हरीचा होज सक्शनला लावला आहे. ओढायचं असेल तर आत स्टीलच्या तारेची वेटोळी असलेला सक्शन-डिलिव्हरी होज लागतो. पत्रकावर व्हॅक्यूमचा आकडा वेगळा दिलेला असतो. तो नसेल तर तो होज ओढण्यासाठी बनवलेलाच नाही.

साइज किती घ्यायचा?

पंपाच्या तोंडावरून नको, प्रवाहावरून ठरवा. तासाला १० घनमीटर माल जायचा असेल तर २५ मिमीच्या होजमध्ये वेग सेकंदाला साडेपाच मीटरच्या वर जातो, ४० मिमीमध्ये सव्वादोन, ५० मिमीमध्ये दीडच्या खाली. वेग जास्त म्हणजे झीज जास्त, दाबाची घट जास्त, सॉल्व्हंट असेल तर स्टॅटिकही जास्त.

मोठा घेण्यालाही किंमत आहे. ५० मिमी होजच्या एका मीटरमध्ये सुमारे २ लिटर माल मावतो. ९८ टक्के सल्फ्युरिकने भरलेला १० मीटर होज म्हणजे ३६ किलो नुसतं ॲसिड, होजचं वजन वेगळं. ते खांद्यावर घेऊन दोन माणसं चालणार असतील तर लांबी कमी करा किंवा आधाराला स्टँड द्या. फिटिंगला लटकणारा होज आज ना उद्या फिटिंगच्या मानेशीच तुटतो.

टोकांना काय लावायचं? आमचा मेंटेनन्सवाला जुबली क्लिप लावतो.

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हे, कारण होज सहसा मधे फुटत नाही, टोकाला सुटतो.

जुबली क्लिप, म्हणजे स्क्रूने आवळायची धातूची पट्टी, गाडीच्या रेडिएटरला ठीक. केमिकलच्या होजला कारखान्यात दाबून बसवलेली फिटिंग हवी, नाहीतर दोन अर्ध्या भागांचा बोल्टचा सेफ्टी क्लॅम्प, ज्याची कड फिटिंगच्या खाचेत अडकते. त्यामुळे होज ढिला पडला तरी फिटिंग निसटून बाहेर येत नाही. तारेने आवळलेले, दोन क्लिपा शेजारी-शेजारी लावलेले, वरून टेप गुंडाळलेले होज आमच्याकडे 'जरा टेस्ट करून द्या' म्हणून येतात. ते टेस्ट करत नाही, टोकं कापून नवीन बसवून देतो.

आता फिटिंगचा धातू. ॲल्युमिनियमचा कॅमलॉक (दोन कान दाबून पटकन बसणारी जोडणी) हलका आणि स्वस्त, पण कॉस्टिकमध्ये तो विरघळतो आणि हायड्रोजन सोडतो, हायड्रोक्लोरिकमध्येही तेच. पितळ अमोनियाजवळ नको, तडे जातात. हायड्रोक्लोरिक आणि हायपोला पॉलीप्रोपिलीनचा कॅमलॉक बरा, पण तो उन्हाने ठिसूळ होतो आणि पडला तर फुटतो, म्हणून त्याला सावली आणि जरा बरी वागणूक लागते. ३१६ स्टेनलेस कॉस्टिकला आणि सॉल्व्हंटला.

आणि कॅमलॉकच्या आतलं गॅस्केट! टेफ्लॉनचा होज, ३१६ची फिटिंग, सगळं मोजूनमापून घेतलेलं, आणि आत कॅमलॉकबरोबर फुकट आलेलं काळं नायट्रिलचं गॅस्केट. ॲसिटोन त्याला दोन दिवसांत फुगवतो, मग कॅमलॉकचे कान बसत नाहीत, मग हेल्पर हातोडी घेतो. गॅस्केटचं मटेरियल होजच्या अस्तराइतकंच विचारून घ्या आणि ऑर्डरवर लिहा. कॅमलॉकच्या कानांत पिन घाला किंवा ते बांधून ठेवा. थरथरीने कान उघडतात. आणि तो सोडण्याआधी लाइनमधला दाब उतरवा, निथळा, मगच कान उचला, आपला चेहरा त्याच्या रेषेत न ठेवता.

टोल्युईन, मिथेनॉल, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल). अर्थिंग पंपाला आहे, होजचं काय?

टोल्युईनचा फ्लॅश पॉइंट ४ अंश, मिथेनॉलचा ११च्या आसपास, ॲसिटोनचा शून्याच्याही बराच खाली. म्हणजे नाशिकच्या कुठल्याही दुपारी या मालाची वाफ पेटायला तयारच असते, फक्त ठिणगी हवी. टोल्युईनसारखं कमी वाहक द्रव होजमधून वाहताना स्वतःच विजेचा भार गोळा करतं.

होज वाहक हवा, म्हणजे एका टोकाच्या फिटिंगपासून दुसऱ्या टोकाच्या फिटिंगपर्यंत विजेला वाट हवी. ईएन १२११५ या युरोपीय मानकात 'ओम' खूण असलेल्या होजचा विरोध १० लाख ओमच्या खाली असावा लागतो. 'एम' खूण असेल तर धातूची तार दोन्ही फिटिंगना जोडलेली असते. कॉम्पोझिट होजमध्ये आतली आणि बाहेरची अशा दोन्ही तारा फिटिंगना जोडलेल्या असायला हव्यात. एक तुटली तर ती तार स्वतःच भार साठवते. मीटर लावून नोंद ठेवा. टेफ्लॉन घ्यायचा तर आत कार्बन मिसळलेला काळा घ्या. साध्या पांढऱ्या टेफ्लॉनमध्ये भार भिंतीतून उडी मारतो आणि सुईच्या टोकाएवढं भोक पाडतो.

कामाची पद्धतही होजइतकीच मोलाची. टँकर आणि टाकी आधी एकमेकांना आणि अर्थला जोडा, मग झाकणं उघडा. सोडताना उलट क्रम. अर्थिंगचा चिमटा रंगावर नव्हे, उघड्या धातूवर. माल वरून धारेने पाडू नका. पाइप तळापर्यंत न्या आणि त्याचं तोंड मालात बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरच्या आत ठेवा. प्लास्टिकच्या बादलीत सॉल्व्हंट काढणं बंद करा. हे शेवटचं वाक्य वाचून हसणाऱ्यांच्या शॉपमध्येही ती बादली असते.

निफाडच्या बाजूला आहोत. डिसेंबरमध्ये कॉस्टिक येतच नाही, पंप खराब आहे का?

पंप ठीक असेल, कॉस्टिक गोठलं असेल. ५० टक्के लाय १२ अंशांच्या आसपास घट्ट व्हायला लागते, आणि निफाडचा पारा थंडीत ५ अंशांच्या खालीही उतरतो. ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड तर १६.६ अंशांनाच गोठतं, म्हणजे नाशिक शहरातही पहाटे त्याचा दगड होऊ शकतो.

रात्री होजमध्ये माल ठेवू नका, उताराने निथळून टाका. टँकर पहाटे न बोलावता दुपारी बोलवा. हा उपाय फुकट आहे आणि सगळ्यात कमी वापरला जातो. होज अडकलाच तर दोन्ही तोंडं मोकळी ठेवून बाहेरून कोमट पाणी टाका. आत वाफ सोडू नका, पंप सुरू करून रेटू नका, आणि आत रॉड घालून ठोकू नका. सुटलेला गोळा गोळीसारखा बाहेर येतो आणि मागून लाय येते. रोजचीच अडचण असेल तर पुरवठादाराकडे ३० ते ३२ टक्क्यांची लाय मागा, ती त्याहून कमी तापमानापर्यंत वाहती राहते.

आणि उन्हाळ्यात?

पारा ४० असतो तेव्हा पत्र्याच्या शेडवर पडलेला काळा होज हाताला चटका देईल इतका तापतो. तापमान वाढलं की होजची दाब पेलण्याची ताकद उतरते. पत्रकावरचा दाब कोणत्या तापमानाचा आहे ते वाचा. होज सावलीत, आडवा किंवा मोठ्या गोलाकार आधारावर ठेवा. खिळ्याला टांगला की नेमका तिथेच मोडतो. वेल्डिंगच्या आणि मोठ्या मोटरच्या जवळही नको, ओझोनने रबर तडकतं.

टँकरवाला स्वतःचा पाइप आणतो. तो वापरला तर आमचा खर्च वाचतो.

खर्च वाचतो, हे खरं. पण त्या पाइपमधून काल काय गेलं होतं ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि बऱ्याचदा त्यालाही नसतं. हायपोच्या पाइपमध्ये हायड्रोक्लोरिक गेलं की क्लोरिन वायू तयार होतो, तिथल्या तिथे. नायट्रिकच्या पाइपमध्ये सॉल्व्हंट गेलं तर आग लागू शकते. त्याचं गॅस्केट कशाचं, टेस्ट कधी झाली, कशाचाच कागद नाही.

आमचं मत स्पष्ट आहे: उतरवण्याचा होज कारखान्याचा असावा, रसायनाचं नाव लिहिलेला, टाकीच्या शेजारीच कुलूपबंद ठेवलेला. शक्य असेल तर प्रत्येक रसायनाच्या टाकीला वेगळ्या मापाचा कॅमलॉक द्या, म्हणजे हायपोच्या टाकीला ॲसिडचा होज बसणारच नाही. रात्रपाळीला नवीन मुलगा असतो तेव्हा पाटीपेक्षा न बसणारी फिटिंग जास्त कामाची. ड्रायव्हरकाकांना वाईट वाटेल तर वाटू द्या. गळती झाली तर समोर उभे तेच असतात.

एकच चांगला होज घेऊन धुऊन-धुऊन वापरता येईल का?

अस्तर रबराचं असेल तर रसायन थोडं आत मुरतं आणि पुढच्या मालात परत येतं. आम्ही नाही म्हणतो. अपवाद एकच: गुळगुळीत टेफ्लॉन, धुण्याची लिखित पद्धत, आणि एकमेकांशी न भांडणारी रसायनं. फार्मावाल्यांकडे हे असतं, बाकीच्यांकडे क्वचित.

आमची दिंडोरीला वायनरी आहे. वाइनच्या होजनेच कॉस्टिक फिरवलं तर चालतं का?

टाक्यांच्या स्वच्छतेला फिरवता ते एक-दोन टक्क्यांचं गरम कॉस्टिक किंवा पेरॅसिटिक ॲसिडचं पातळ द्रावण असतं. अनेक फूड ग्रेड होज त्यासाठीच बनवलेले असतात, तरी तापमान आणि टक्केवारी त्याच्या पत्रकाशी ताडून बघा. ड्रममधलं तीव्र कॉस्टिक किंवा मूळ पेरॅसिटिक मात्र त्यातून न्यायचं नाही. 'फूड ग्रेड' म्हणजे होज मालाला बिघडवत नाही. माल होजला बिघडवत नाही असा त्याचा अर्थ होत नाही. दोन्ही होज वेगळ्या रंगाचे घ्या.

द्राक्षबागेत ठिबकला ॲसिड सोडतो, त्याला कोणता पाइप?

ड्रममधून ॲसिड काढायला पॉलीप्रोपिलीनचा हातपंप आणि त्याला जमणारी पॉलिथिलीनची छोटी नळी पुरते. तोंडाने ओढून सायफन करायचा नाही. ॲसिड पाण्यात टाकायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. आणि ॲसिडनंतर लगेच त्याच लाइनमधून क्लोरिन सोडू नका, मधे नुसतं पाणी भरपूर जाऊ द्या.

होज किती वर्षं टिकतो?

वर्षांवर सांगता येत नाही. रोज ९८ टक्के सल्फ्युरिक उतरवणारा आणि महिन्यातून एकदा पातळ कॉस्टिक नेणारा यांचं वय सारखं नसतं. म्हणून प्रत्येक होजला नंबरचं स्टीलचं टॅग आणि वहीत एक पान द्या: कधी घेतला, कशासाठी, कधी टेस्ट केला.

वापरण्याआधी दर वेळी एक मिनिट बघा. कव्हरला फोड आलाय का, कुठे मऊ लागतं का, तार दिसते का, पीळ बसलाय का, फिटिंग आणि होज यांच्यामधे खूण केली होती ती सरकली का. खूण सरकली म्हणजे फिटिंग निघायला लागली आहे. तो होज त्याच क्षणी बाजूला. वर्षातून निदान एकदा, जोखमीच्या मालाला सहा महिन्यांनी, कामाच्या दीडपट दाबावर पाण्याने टेस्ट. हवेने करू नका. पाण्यावर होज फुटला तर ओलं होतं, हवेवर फुटला तर माणूस जातो.

काढलेला होज भंगारात दिला तर चालेल ना?

नाही. रसायन लागलेला होज घातक कचऱ्यात मोडतो आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राप्रमाणे अधिकृत केंद्राकडेच जायला हवा. भंगारातून तो कुठल्यातरी वस्तीत पाण्याच्या मोटरला लागतो, हे आम्ही पाहिलेलं आहे. द्यायच्या आधी दर मीटरला आडवा कापा.

उतरवताना होज सुटलाच तर?

पंप बंद करण्याचं बटण आणि टँकरचा व्हॉल्व्ह, दोन्हींकडे माणूस असेल तरच उतरवायला सुरुवात करा, म्हणजे हा प्रश्न काही सेकंदांत आटोपतो. अंगावर उडालं तर कपडे काढून निदान १५ मिनिटं वाहतं पाणी, डोळ्यांना पापण्या उघड्या धरून. मग दवाखाना, सोबत एसडीएस. शॉवर चालू आहे का हे टँकर उघडण्याआधी रोज बघायचं. जमिनीवर सांडलेलं नायट्रिक भुशाने किंवा चिंध्यांनी पुसू नका, पेट घेऊ शकतं, वाळू टाका. आणि गटाराचं तोंड आधी बंद करा. सातपूर-अंबडचा नाला नंदिनीत जातो आणि नंदिनी गोदावरीत.

क्लोरिनच्या टनरला (मोठ्या सिलिंडरला) आणि शीतगृहातल्या अमोनियाला हेच होज चालतील का?

नाही. ते दाबाखाली द्रवरूप ठेवलेले वायू आहेत. त्यांची जोडणी, होज, व्हॉल्व्ह सगळं वेगळं असतं आणि ते वायू पुरवणाऱ्याच्या प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यायचं. पिंपळगावकडून द्राक्षांच्या हंगामात अशी विचारणा येते. आम्ही होज देत नाही, पुरवठादाराला फोन लावून देतो.

ऑर्डरबरोबर कोणते कागद मागायचे?

होजच्या अंगावर छापलेला उत्पादक, मानक, माप, कामाचा दाब आणि महिना-वर्ष. फिटिंग लावून पूर्ण तयार झालेल्या होजचं टेस्ट सर्टिफिकेट, ज्यावर तुमच्या टॅगचा नंबर आहे. सॉल्व्हंटसाठी विजेच्या विरोधाचं मोजमाप. आणि अस्तर, फिटिंग, गॅस्केट या तिन्हींचं मटेरियल लिहिलेलं एक पत्र, ज्यात तुमच्या रसायनाचं नाव, टक्केवारी आणि तापमान आहे. नुसत्या पाइपच्या गुंडाळीचं सर्टिफिकेट दाखवून फिटिंग दुकानात बसवून देणारे असतात. तेव्हा सर्टिफिकेटवरची लांबी आणि तुमच्या हातातल्या होजची लांबी जुळते का, एवढं तरी मोजून घ्या.